आधी परतीची गाडी

आमच्या रस्सा मंडळात मटण किती किलो, चटणी कुणाच्या घरची, भाकरी कोण आणणार, याचा हिशोब चार दिवस आधी व्हायचा. परत कसं यायचं हे मात्र कुणी विचारायचं नाही. केर्लीजवळच्या मळ्यापासून शिवाजी पुलापर्यंतचा रस्ता तो केवढा! त्या रस्त्यानं पिऊन मी अनेकदा मोटारसायकल चालवली आणि घरी नीट पोचलो. गाडी आपल्या हातात बसलीय, असं मला वाटायचं.

त्या डिसेंबरात एका मित्रानं आधीच सांगितलं होतं, "मी गाडी चालवणार, मला नको." दोनदा सांगितलं. तरी त्याचा ग्लास भरला तो मी. "घे की मर्दा, एकानं काय होतंय?" एकाचे दोन झाले, पुढं कुणी मोजलेच नाहीत. निघताना सगळ्यात कमी कुणी घेतलीय याची चर्चा झाली आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली.

गळीत हंगाम सुरू होता. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. दिव्याच्या झोतात आधी लोंबणारं वाडं दिसलं, मग लोखंडी सांगाडा. ब्रेक लागला, पण उशिरा. पुढं डावीकडं बसलेल्या मित्राचा गुडघा दारात चेपला. नंतर कितीतरी दिवस आम्ही ट्रॉलीवाल्याला शिव्या देत होतो. त्याच ट्रॉलीला वळसा घालून बाकीच्या गाड्या सुखरूप गेल्या होत्या, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

गुन्हा चालवणाऱ्यावर दाखल झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पुरे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ग्लास भरणाऱ्याचं नाव त्या कागदात कुठंच आलं नाही. मित्राच्या बायकोनं मला दारात उभं करून विचारलं, "भावजी, ते नको म्हणत होते ना?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी चूक मला खूप उशिरा कळली. झोप काढली की उतरते, असं मी धरून चाललो होतो. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलिलिटर व्हिस्कीत, साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातून ते जायला आठ-नऊ तास लागू शकतात. यकृत आपल्याच गतीनं काम करतं. लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, कशानंही ती गती वाढत नाही. रात्री एकला झोपून सकाळी सातला मी मुलीला स्कूटरवर बसवून शाळेत सोडत आलो. तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळायचो, म्हणजे कुठंतरी मला ते कळत होतंच.

आता वर्गणीत मटणाच्या आधी गाडीचं भाडं धरतो. ओळखीच्या वडापवाल्याची जीप सांगतो. चालकाला पहिल्या पंगतीत जेवायला बसवायचं आणि त्याला कुणी आग्रह करायचा नाही, हे मी स्वतः बघतो. मळ्यावर कुणी दुचाकी आणायची नाही, कारण गाडी समोर उभी असली की रात्री बारानंतर ती काढावीशी वाटतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला तिची आई सोडते, हेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. न पिणाऱ्याला आमच्यात आधी चिडवायचे. तेही आता बंद झालंय, निदान माझ्यासमोर तरी.

अडचण आहे ती गोकुळ शिरगावहून पाळी सुटल्यावर थेट येणाऱ्या दोघांची. ते मोटारसायकलवरच येतात, कारण जीप तोवर मळ्यावर आलेली असते. येत्या गटारीला त्यांनी गाड्या कंपनीतच ठेवायच्या आणि त्यांना आणायला जीप परत पाठवायची, असं ठरलंय. जादा भाडं मी देणार आहे.