आधी कोनसेट, मग डँपर

गेल्या वर्षी रमजान ईदनंतरच्या रविवारी माझा धाकटा मुलगा हाताला प्लास्टर घालून घरी आला. नाशिकच्या बाजूला मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसच्या सरावाला गेला होता. सरळ पट्ट्यात वेग असताना बाइकचे हँडल डावी-उजवीकडे थडथडू लागले, हातातून सुटले आणि तो आदळला. मनगटावर निभावले, अल्हम्दुलिल्लाह. पण दुसऱ्याच दिवशी यांनी सांगून टाकले, "बाइक विका."

मुलाचे हे वेड जुनेच. त्याच्या कपाटावर हरिथ नोआचा फोटो आहे. सौदी अरेबियातल्या डाकार रॅलीत २०२४ मध्ये रॅली-२ गट जिंकणारा हा पहिला भारतीय. आपल्या मुंबईचे आशिष रावराणेही २०२१ मध्ये त्या रॅलीत उतरले होते. मुलगा म्हणाला, "अब्बा, डँपर ढिला होता. पूर्ण आवळून टाकतो, मग पडणार नाही."

बाप विकायला निघालेला, मुलगा आवळायला. मी म्हटले, आधी कुणा जाणत्याला विचारू. ही बाइक रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून छोट्या हत्तीत चढवून जोगेश्वरीतल्या एका गॅरेजवाल्या चाचांकडे नेली.

डँपर म्हणजे काय, ते चाचांनी मला समजावले. हँडल आणि चेसिस यांच्यामध्ये बसवलेली तेलाची छोटी डबी. हँडलला झटका बसला की तेल बारीक छिद्रातून जाते आणि झटक्याचा जोर मारते. छिद्र किती उघडे ठेवायचे ते वरच्या नॉबने ठरते. नॉब फिरवला की टिक्-टिक् क्लिक होतात. होंडाने आपल्या मोटोक्रॉस बाइकवर २००८ पासून असा डँपर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली.

पण चाचांनी डँपरला हातच लावला नाही. बाइक स्टँडवर चढवून पुढचे चाक अधांतरी केले आणि मला म्हणाले, "बेटी, शॉकअप खालून धर आणि पुढे-मागे हलव." माझ्या तळव्याला कट्-कट् जाणवली. हँडलचे कोनसेट ढिले होते. "डँपर आवळला असता तर ही कट्-कट् झाकली गेली असती. दुखणे तसेच, नुसती पट्टी वर."

कोनसेट नवे बसवले, चाकाच्या तारा आणि हवा तपासली. मग डँपरची पाळी. चाचांनी नॉब हलक्या हाताने पूर्ण बंद केला, तिथून क्लिक मोजत उघडत मध्यावर आणला आणि आकडा वहीत लिहायला लावला. मुलाला म्हणाले, "पूर्ण आवळलास तर हळू वळणावर हँडल जड होईल. आणि बाइक स्वतःला सावरायला पुढचे चाक थोडे हलवतेच. तेही तिला जमणार नाही. एका वेळी दोनच क्लिक बदल. पट्टा तोच, वेग तोच. दुसरे काही बदलू नकोस, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही."

घरी येऊन वही यांच्यापुढे ठेवली. हे बराच वेळ वाचत बसले. शेवटी ठरले : डॉक्टर परवानगी देईपर्यंत बाइक बंद; नंतर प्रत्येक सरावाआधी कोनसेटची तपासणी आणि वहीत नोंद.

पावसाळा सरल्यावर मुलगा पुन्हा ट्रॅकवर गेला. मीही गेले होते. त्याच पट्ट्यात हँडल थरथरले आणि लगेच स्थिरावले. तरी तो थांबेपर्यंत माझ्या ओठांवर आयतुल कुर्सी होती. परतताना त्याने दोन क्लिक कमी करून नोंद केली. वळण आता मोकळे घेता येते म्हणाला.

तुमच्या घरच्या रोजच्या बाइकलाही कोनसेट असतेच. डबल स्टँडवर लावा, मागून कुणाला दाबायला सांगा आणि शॉकअप हलवून पाहा. दोन मिनिटांचे काम. आमच्याकडे दर शनिवारी रात्री ते हेच करतात, आणि मुलगा मागे दाबून उभा असतो.