पकड

मोटार पळवणे वेगळे आणि मोटार जागेवरून उठवणे वेगळे, हे मला मामाच्या गॅरेजात कळले. माझगावात, रे रोडच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाचे हे गॅरेज. कॉलेज सुटले की मी तिथे पाने उचलून देतो. डोक्यावरच्या ईस्टर्न फ्रीवेवर रात्री शर्यती लावणाऱ्यांच्या गाड्यांना मामा हातही लावत नाही. पण गेल्या हिवाळ्यात आलेले गिऱ्हाईक तसे नव्हते. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाच्या शर्यती भरत आल्या आहेत. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे 402 मीटर, सोडायच्या. त्यासाठी ही होंडा सिटी तयार व्हायची होती.

इंजिनाचे काम झालेले होते. तक्रार एवढीच, की दिवा लागताच पुढची चाके जागच्या जागी गरगरतात, धूर निघतो आणि शेजारचा निघून जातो. पहिल्या 60 फुटांना 2.7 सेकंद लागत. ते 2.4 वर आले तरच मजुरीचे उरलेले अर्धे पैसे मिळणार होते. माझी परीक्षेची फी त्या अर्ध्यातच होती!

“मामा, टायर रुंद घातले की झालं ना?”

“भाच्या, आधी वजन कुठं जातं ते बघ. हातगाडीवर मागं माल जास्त पडला तर काय होतं?”

दांडी वर उचलते आणि गाडीवाल्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हे माझगावात कोणालाही ठाऊक आहे. मोटारीचेही तेच. झटक्याने निघाली की वजन मागे कलते. जुन्या प्रीमियर पद्मिनीची ओढ मागच्या चाकांना, म्हणून ते कलणे तिच्या कामी यायचे. सिटीची ओढ पुढच्या चाकांना, आणि ती नेमकी त्याच क्षणी हलकी होतात.

मामाने मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. स्टेपनी आणि मागची सीट काढली. पुढच्या टायरांतली हवा 30 वरून 24 वर आणली, म्हणजे रबर जमिनीवर जास्त पसरते. गिऱ्हाईक इंजिन 6000 फेऱ्यांवर नेऊन क्लच एकदम सोडत असे. मामाने 3500 वर अर्धा सोडून धरायला शिकवले. घसरत्या रबरापेक्षा चिकटलेले रबर जास्त ओढते; दहा-पंधरा टक्के घसरण मात्र चालते, किंबहुना लागतेच. (विज्ञान शाखेचे मित्र हसतील, पण कला शाखेतल्या मला हे क्लचच्या वासावरून समजले.) अमेरिकेत अशा पट्ट्यांवर चिकट राळ पसरतात. आपल्या बोरघाटात, 37 फुटांना 1 फूट अशा चढावर, रेल्वेचे इंजिन चाकापुढे वाळू सोडते. विमानपट्टीवर यातले काहीच नाही.

पहिली धाव 2.52. दुसरी 2.41.

“2.41 म्हणजे 2.4 नव्हे,” गिऱ्हाईक म्हणाले.

मामा वाद घालत बसला नाही. उकिडवा बसून त्याने पुढच्या टायरांतली आणखी दोन पौंड हवा सोडली. तिसऱ्या धावेचा आकडा 2.38 आला. मामाने तो कागद घडी करून खिशात टाकला आणि पैसे दोनदा मोजून घेतले.