अंगठा आणि भूत

भित्र्या माणसाने भुताचा सिनेमा एकट्याने पाहू नये, आणि मोलगीला तर मुळीच पाहू नये. सातपुड्यात रात्री वीज गेली की काळोख नुसता पडत नाही, चांगली ऐसपैस मांडी घालून बसतो. पण बदली होऊन आलेल्या कारकुनाने संध्याकाळी करायचे काय? भाच्याने पुण्याहून पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात १९६८ सालचा एक फ्रेंच चित्रपट : ‘इस्त्वार एक्स्त्राऑर्दिनेर’. एडगर ॲलन पोच्या तीन कथा, तीन दिग्दर्शक. म्हणजे एका तिकिटात तीनदा घाबरायची सोय!

फेलिनीच्या कथेतला दारुडा नट तुटक्या पुलावरून भरधाव मोटार घालतो आणि मुंडके गमावतो. घाबरावे की हसावे, हे ठरेपर्यंत सिनेमाच संपला. पण झोप उडवली ती त्याआधीच्या, लुई मालच्या कथेने. तीत ॲलन देलॉनला त्याच्याच नावाचा, त्याच्याच तोंडवळ्याचा दुसरा भेटतो. हा त्या दुसऱ्याला मारतो आणि शेवटी स्वतःच मरतो. ‘छे, असे कुठे होते काय!’ म्हणत मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तीच कथा आमच्या काउंटरवर आली. डोंगरातल्या एक आजी पेन्शन काढायला आल्या. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणाले, जुळत नाही. जन्मभराच्या दगडमातीने अंगठ्याच्या रेषाच पुसल्या होत्या.

“आजी, यंत्रात तुम्ही नाहीत,” मी सवयीने सांगितले.

शिपायाने ते त्यांच्या बोलीत पोचवले आणि उत्तर मराठीत आणले, “साहेब, त्या विचारतात, मग एवढं चालून आलं कोण?”

रांग हसली. मीही हसलो. आजी हसल्या नाहीत. घरातला पुढचा दाणा त्या पैशांवर होता. माझे हसू घशातच अडकले. यंत्रातल्या आजी खऱ्या धरून समोरच्या आजींना मारायला निघालो होतो मी!

गूढकथाकार रत्नाकर मतकरी १९७८ पर्यंत बँकेत नोकरीला होते. त्यांना भुते शोधायला स्मशानात जावे लागत नसणार, अशी मला आता दाट शंका आहे.

मग पासबुकावरचा फोटो, दोन साक्षीदार, मॅनेजरची सही, असे सोपस्कार होऊन पैसे निघाले. आजींनी नोटा मोजल्या, पदराला गाठ मारली, आणि काउंटरवरून हात घालून माझे बोट करकचून दाबले. मी ओरडलो.

आजी काहीतरी पुटपुटल्या आणि आता कुठे हसल्या.

“काय म्हणाल्या रे?”

“काही नाही साहेब,” शिपाई म्हणाला, “म्हणाल्या, हा पण जिवंत आहे.”