दोन दारांची अमेरिका

गाडी बापाला विकायची असेल तर आधी पोराला पटवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मोटारींच्या विक्रेत्यांनी ही युक्ती मनापासून वापरली. शोरूममध्ये आलेल्या कुटुंबातल्या पोराच्या हाती यंदाच्या मॉडेलची वीतभर लांबीची प्रतिकृती पडायची. ती घरी जायची, जमिनीवर फिरायची, जेवणाच्या टेबलावर यायची आणि मोठी गाडी घेण्याचा विषय घरात जिवंत ठेवायची. या प्रतिकृतींना ‘प्रोमो’ म्हणत. त्यांचा रंगही कारखान्याच्या यादीतलाच असे. गिऱ्हाईक प्रोमो हातात धरूनच रंग पसंत करत असे.

डेट्रॉइट परिसरातले वकील वेस्ट गॅलॉगली यांनी १९४८ मध्ये या धंद्यात उडी घेतली. त्यांची पहिली फोर्ड ॲल्युमिनियमची ओतीव होती, म्हणून कंपनीचं नाव ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ पडलं. लवकरच ॲल्युमिनियम जाऊन प्लॅस्टिक आलं, पण एएमटी ही अक्षरं राहिली ती आजतागायत. जॉन हॅन्ले यांची जो-हॅन ही डेट्रॉइटमधली दुसरी कंपनी. गाडी बाजारात येण्याआधीच मोटार कंपन्या या लोकांना ड्रॉइंग देत. जनरल मोटर्सने तर १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची मॉडेल बनवण्याची स्पर्धाच चालवली. १९४७ मध्ये ती जिंकणारा चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. म्हणजे खेळण्यातून गिऱ्हाईक मिळत होतं आणि नोकरीला माणसंही.

मॉडेलच्या या नादात मी शिरलो तो मागच्या दाराने. माझी हयात प्लॅस्टिकचे मोल्ड करण्यात गेली, आधी भोसरीच्या एका टूलरूममध्ये आणि नंतर मिशिगनमधल्या ट्रॉय इथे. गाड्यांचं वेड मला कधीच नव्हतं. दुकानात कुतूहलापोटी १९५७ च्या शेवरोले बेल एअरचा डबा उघडून घेतला आणि नजर गेली ती भाग धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, म्हणजे रनरवर, गेटवर, इजेक्टर पिनच्या बारीक गोल खुणांवर. द्राक्षाच्या घडासारखे लटकलेले ते सुटे भाग बघून इतर गिऱ्हाइकांना गाडी दिसत असेल. मला मोल्ड दिसला. तो कुणी केला असेल, स्लाइड कुठून सरकत असेल, पार्टिंग लाइन कुठे दडवली असेल, याचा विचार करत मी पैसे दिले. एएमटीचा जुना कारखाना याच ट्रॉयमध्ये होता, हे मला बऱ्याच नंतर कळलं.

एएमटीने १९५८ मध्ये प्रोमोचा पुढचा टप्पा गाठला. तीच गाडी तयार न देता सुट्या भागांत, म्हणजे किट म्हणून द्यायची आणि एका डब्यातून तीन प्रकारे जोडता येईल असं बघायचं. हवी तर कारखान्यातून निघाली तशी, हवी तर नट्टापट्टा केलेली, हवी तर शर्यतीची. पोरांना हे वेड लावायला तेवढं पुरे होतं. प्रमाण ठरलं पंचविसास एक. खरी ५७ ची बेल एअर २०० इंच लांब, म्हणजे मॉडेल बरोबर ८ इंच. मोनोग्रामसारख्या काही कंपन्यांनी चोविसास एक हे प्रमाण धरलं, म्हणजे फुटाला अर्धा इंच. कपाटात शेजारी ठेवल्यावर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, मात्र छंदी माणसं त्यावरून तासन्‌तास वाद घालतात.

आता मोल्डवाल्याच्या आवडीचा भाग. गाडीचं छप्पर, दोन्ही बाजू, नाक आणि शेपूट असं सगळं एका तुकड्यात ओतायचं म्हणजे सोपं काम नाही. साधा मोल्ड वर-खाली उघडतो. दरवाजावरची क्रोमची पट्टी, कडी, चाकावरची कमान हे सगळं बाजूला आहे. मोल्ड सरळ उघडला तर ते अडकेल आणि फाटेल. म्हणून चारही बाजूंना सरकणारे ठोकळे बसवावे लागतात, आम्ही ज्यांना स्लाइड म्हणतो. आधी ते बाहेर सरकतात, मग बॉडी मोकळी होते. मोटारीच्या मॉडेलसाठी ही रचना बसवण्याचं श्रेय जॉर्ज टोटेफ यांना दिलं जातं. ते एएमटीत होते. नंतर बाहेर पडून त्यांनी माउंट क्लेमेन्स गावात एमपीसी ही स्पर्धक कंपनी काढली. किटच्या बॉडीवर चारही कोपऱ्यांतून जाणारी केसाएवढी रेघ दिसते, ती या स्लाइडची सांधरेघ. नवखा माणूस तिच्यावर रंग मारतो. अनुभवी माणूस आधी ती घासून काढतो, कारण खऱ्या गाडीवर तशी रेघ नसते.

जुने किट महाग का, याचं उत्तरही मोल्डमध्येच आहे. डेट्रॉइट दरवर्षी गाडीचा चेहरा बदलत असे. मग मॉडेलवाले नवा मोल्ड करण्याऐवजी जुन्याच पोलादावर काम करत. नवी जाळी, नवे दिवे, नवी शेपटी कोरत. १९६१ चा मोल्ड १९६२ चा झाला की १९६१ ची गाडी पुन्हा निघणं बंद. पुढे सत्तरच्या दशकात अनेक मोल्ड शर्यतीच्या गाड्यांसाठी कापले गेले आणि परतीचा रस्ता कायमचा मिटला. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेली, मग आयोवातल्या अर्टलकडे, आणि आता इंडियानातल्या साउथ बेंडची राउंड टू कंपनी हे नाव चालवते. जे मोल्ड वाचले, त्यांतून अजून माल निघतो. साठ वर्षांपूर्वीचं पोलाद आजही शॉट देतं. आमच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

जोडणी वाटते तितकी धांदलीची नाही. डब्यातले शंभरएक भाग चिकटवायला दोन संध्याकाळी लागतात. वेळ खातं ते बाकीचं. प्रत्येक भाग साबणाच्या पाण्यात धुवायचा, कारण मोल्डमधून सुटण्यासाठी मारलेला तेलकट थर त्यावर असतो. मग घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं, रंगाचे पातळ हात, त्यावर क्लिअर आणि शेवटी पॉलिश. मिशिगनच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये रंग वाळत नाही आणि तळघरात मारला तर घरभर थिनरचा वास सुटतो. माझ्या घरी यावर तह झाला आहे: रंगकाम मे ते सप्टेंबर, उरलेल्या महिन्यांत इंजिन आणि आतली बैठक.

किटमधल्या क्रोमबद्दल एक गाऱ्हाणं सार्वत्रिक आहे. बंपर आणि जाळी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून चमकवलेली असतात आणि ती रनरवर असतानाच हे काम होतं. भाग तोडला की तुटल्या जागी पांढरं प्लॅस्टिक उघडं पडतं. शिवाय ही चमक खऱ्या क्रोमपेक्षा भडक असते. मग अनेक जण कपड्यांच्या ब्लीचमध्ये ती उतरवतात आणि पुन्हा स्वतः चढवतात. बॉडीवरच्या पट्ट्यांचा मामला वेगळा. त्यांच्यासाठी फार्मिंग्टन या डेट्रॉइटच्याच उपनगरातल्या कंपनीचा ‘बेअर-मेटल फॉइल’ वापरतात. हा चिकट पाठीचा, श्वासानेही उडेल इतका पातळ धातूचा कागद पट्टीवर बसवायचा, दातकोरण्याने दाबायचा आणि कोऱ्या पात्याने कडेकडेने कापायचा. पातं जरा बोथट झालं की कागद फाटतो. हे मला शिकवलं एका निवृत्त पॅटर्नमेकरने. त्याचा नियम एकच होता: पात्याचे पैसे वाचवू नकोस.

५७ च्या बेल एअरवर या कागदाची खरी परीक्षा होते. मागच्या बाजूला भाल्यासारखी निमुळती, आत खोबणी असलेली रुपेरी पट्टी; पुढच्या पंखावर सोनेरी खुणा; आणि डाव्या शेपटीच्या टोकाशी क्रोममागे दडवलेलं पेट्रोलचं झाकण. हे झाकण खऱ्या गाडीत कुठे असतं हे पाहायचं म्हणून मी डेट्रॉइटकडच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर उभा राहिलो. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ‘ड्रीम क्रूझ’ भरते. १९९५ मध्ये फर्नडेल गावात फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला ती सुरू झाली होती. जुन्या गाड्यांचे मालक तिथे खुर्च्या टाकून बॉनेट उघडून बसलेले असतात. मॉडेलसाठी फोटो हवा म्हटलं की ते उठून दिवा धरतात. त्यांच्यापैकीच एकाने मला शेवरोलेच्या व्ही-एट इंजिनाचा ठिणगीचा क्रम तोंडपाठ करायला लावला: १-८-४-३-६-५-७-२. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरपासून आठ प्लगपर्यंत तारा न्यायच्या, तर मी त्या याच क्रमाने नेतो. मोडक्या इअरफोनमधली तार त्याला अगदी योग्य जाडीची असते. बॉनेट लावल्यावर ते कुणालाही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

एका उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे आले. ते परळला वाढलेले. कपाटातली एएमटीची १९५१ ची बेल एअर त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “जावईबापू, हिला मागची दारं कुठं आहेत?”

प्रश्न खरा होता. मुंबईच्या लोकांना अमेरिकन गाडी म्हटलं की चार दारांची डौलदार सेडान आठवते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ पर्यंत चालवली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि क्रायस्लरशी करार करून तिने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो उभ्या केल्या. डॉक्टर, गिरणीमालक, टॅक्सीवाले सगळे त्यांत बसले. या गाड्या किटमध्ये मागायला जा, नाहीत. कारण डबे घेणारी पोरं पंधरा-सोळा वर्षांची. त्यांना शर्यतीची गाडी हवी, आईबापांना चर्चला नेणारी नको. म्हणून मॉडेलवाल्यांनी दोन दारांच्या हार्डटॉप आणि उघड्या टपाच्या गाड्या काढल्या. अपवाद पोलिसांच्या गाड्यांचा. अलीकडे एएमटीने १९६७ ची चार दारांची इम्पाला काढली, तीही ‘सुपरनॅचरल’ या टीव्ही मालिकेत गाजली म्हणून. प्रत्यक्षात १९५७ च्या बेल एअरमध्ये सर्वांत जास्त खपली ती चार दारांची सेडान. किटच्या डब्यांवरून अमेरिकेचा अंदाज बांधणाऱ्याला वाटेल, या देशात कुणाला पोरंबाळंच नव्हती.

सासऱ्यांसाठी मी ती शेवरोले निदान उजव्या हाताची केली. डॅशबोर्ड मधोमध कापून मीटर उजवीकडे आणले, ग्लोव्ह बॉक्स डावीकडे नेला, पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा हलवला. चार दारांच्या वाटेला गेलो नाही. हार्डटॉपला मधला खांबच नसतो. सेडान करायची तर छप्पर नवं घडवावं लागतं.

तरीही या डब्यांनी एक काम असं केलं आहे, जे मोटार कंपन्यांनी केलं नाही. क्रायस्लरची टर्बाइन गाडी घ्या. पिस्टनऐवजी जेट विमानासारखं फिरतं इंजिन, इटलीच्या गिया कंपनीने बनवलेली तांबूस बॉडी. १९६३-६४ मध्ये अशा ५५ गाड्या झाल्या, त्यांतल्या ५० सामान्य कुटुंबांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या. एकूण २०३ जणांनी त्या चालवल्या. डिझेल, रॉकेल, जवळजवळ काहीही चाले. मेक्सिकोच्या अध्यक्षांसमोर तर ती टकीलावर चालवून दाखवली. प्रयोग संपला आणि कंपनीने ४६ गाड्या चिरडल्या, जाळल्या. नऊ उरल्या, त्यांतली एक डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. जो-हॅनने मात्र ती लोकांच्या हाती असतानाच किट काढला होता, टर्बाइनच्या भागांसकट, आणि अनेक जुनी मंडळी त्याला या धंद्यातला सर्वोत्तम किट मानतात. मी तो जोडला आहे. इंजिनाचे भाग इतके नेमके बसतात की मोल्ड करणाऱ्याला भेटून हात मिळवावासा वाटतो.

मॉडेलच्या प्रदर्शनांत आता पांढरे केस जास्त दिसतात. ओहायोतल्या टोलेडोला १९८० पासून भरणारं एनएनएल हे संमेलन मला सर्वांत आवडतं, कारण तिथे परीक्षक भिंग घेऊन फिरत नाहीत. टेबलावर गाडी ठेवा आणि गप्पा मारा. स्पर्धांमध्ये मी बक्षिसासाठी भांडणारी शहाणी माणसं पाहिली आहेत. तरुण मुलं थोडी येतात, आणि आली तर थ्रीडी प्रिंट केलेली चाकं घेऊन. ज्येष्ठ त्यावर नाक मुरडतात. मला तरी त्यात गैर काही वाटत नाही.

ज्यांना या छंदाला हात लावून पाहायचा आहे त्यांनी जुन्या, सीलबंद डब्याच्या मागे लागू नये. पुन्हा नव्याने काढलेला किट घ्यावा, भाग कमी असलेला. पहिल्या खेपेला दारं उघडणारा तर मुळीच नको. चार बिजागऱ्या एका रेषेत आणताना हौस मरते. कोकणात, मुंबईत किंवा पुण्यात राहत असाल तर लॅकर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत तो पांढरट पडतो. आणि घरच्या जुन्या अल्बममध्ये शिवडीला किंवा कुर्ल्याला जुळवलेल्या एखाद्या गाडीचा आतून काढलेला फोटो असेल, विशेषतः उजव्या हाताच्या डॅशबोर्डचा, तर तो स्कॅन करून ठेवा. अशा फोटोंवाचून मुंबईची गाडी मापात करता येत नाही.