कुरणशाळेचा धडा

लोकसेवा करणाऱ्या संस्थेला मनुष्यबळ आणि द्रव्यबळ लागतें, ही गोष्ट जुनी झाली. आतां तिला तिसरें एक बळ लागूं लागलें आहे, तें मोबाईलचें. बोईसरसारख्या गांवीं एखाद्या लहानशा संस्थेच्या सभेला जाऊन बसावें, तर जमाखर्चाच्या आधीं निघतो तो हाच विषय : फेसबुकवर पान असावें कीं इन्स्टाग्रामवर? व्हॉट्सॲपचा समूह पुरे कीं स्वतःचें संकेतस्थळ हवें? अशा सभांना मी पुष्कळदां मूक श्रोता म्हणून बसलों आहें. हें साधन काय काय करूं शकतें, याची तेथें कसून चौकशी होते. तें कोणाच्या हातापर्यंत जाईल, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झालेला आमचा पालघर जिल्हा हा प्रश्न विचारावयास भाग पाडणारा आहे. एका अंगास तारापूरचें अणुवीजकेंद्र आणि बोईसरचे कारखाने. दुसऱ्या अंगास जव्हार-मोखाड्याचे डोंगरपाडे. बोईसरचा नोकरदार लोकलगाडींत उभ्या उभ्या सूचना वाचतो. डोंगरांतल्या कित्येक घरांत मिळून एकच फोन, आणि तोहि कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशांत! आरोग्य-शिबिराची सूचना जिच्यासाठीं निघाली ती बाई घरींच राहते, आणि इकडे संदेश वाचल्याची निळी खूण पाहून कार्यवाह समाधान पावतात. साधनाची निवड म्हणजे कोणाला बोलवावयाचें आणि कोणाला नकळत वगळावयाचें, याचाच निर्णय होय.

हा विचार नवा नाहीं. याच जिल्ह्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं तो पाऊणशें वर्षांपूर्वीं करून दाखविला. १९४५ सालीं बोर्डीस आरंभ झालेलें त्यांचें काम १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं बालवाडीच पाड्याच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. माँटेसरीच्या महागड्या साहित्याऐवजीं खडे, शिंपले, पानें घेतलीं. आधीं मूल पाहिलें, मग साधन ठरविलें. आजच्या संस्थेनें हाच क्रम ठेवला तर सुंदर चित्रफितीऐवजीं कधीं वारली बोलींतला अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पुरेल, आणि तो आशा कार्यकर्तीच्या फोनवर धाडून तिनें घरोघर ऐकविला, तर संकेतस्थळाहून अधिक काम होईल.

या साधनांची दुसरी बाजू आमच्या जिल्ह्यानें फार भयंकर रीतीनें पाहिली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें जमावानें तीन प्रवाशांची हत्या केली. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गांवोगांव पसरली होती. एक संदेश एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां यावा, असें बंधन व्हॉट्सॲपनें भारतांत २०१८ सालींच घातलें होतें. वारंवार फिरलेल्या संदेशाला तर त्याच एप्रिलच्या आरंभीं एकाच ठिकाणाची मर्यादा लावली होती. यंत्राच्या बंधनानें अफवेची चाल मंदावते. तिचें खंडन करावयास ओळखीचा, विश्वासाचा आवाज लागतो. तो आवाज संकटाच्या रात्रीं एकाएकीं निर्माण होत नाहीं. संस्थेच्या समूहावर वर्षभर खरी वार्ता आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत असेल, तरच त्या रात्रीं तिचें कोणी ऐकेल.

शेवटची गोष्ट विश्वासाचीच. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणें प्राप्त झालें. त्यामुळें कारखान्यांच्या प्रदेशांतील संस्थांना साहाय्य मिळूं लागलें, हें इष्टच. पण देणगीमागोमाग छायाचित्रांची मागणीहि आली. कुपोषित मुलाचा चेहरा जगापुढें मांडतांना त्याच्या आईला काय वाटेल, हें विचारण्यास कोणत्याहि ॲपमध्यें जागा नसते. ती कार्यकर्त्याच्या मनांतच असावी लागते. आणि सभासदांची, देणगीदारांची यादी? ती परक्याच्या घरीं ठेवूं नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें; गूगल प्लसवरील सर्वसामान्यांचीं खातीं २ एप्रिल २०१९ रोजीं मिटलीं. ज्यांचा गोतावळा तेवढ्यावरच जमला होता, त्यांना तो पुन्हां पहिल्यापासून जमवावा लागला. संस्थांची यादी सांभाळण्यासाठींच निघालेली सिव्हीसीआरएमसारखी मुक्त प्रणाली आहे. ती न झेपली तर साधी वही किंवा संगणकावरील तक्ताहि चालेल, पण तो संस्थेचा असावा.

साधनें येतील आणि जातील. पाड्यावरच्या त्या बाईला शिबिराचा दिवस वेळेवर कळला कीं नाहीं, एवढेंच सभेच्या शेवटीं विचारावें. साधनाची परीक्षा त्या एका उत्तरांत होते.