आईची मजुरी

परिव्यय हिशेबाचा अभ्यास रूक्ष असतो, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. १९९२ साली मी ‘आयसीडब्ल्यूए’साठी नाव नोंदवले. दिवसा कारखान्याच्या कचेरीत नोकरी आणि पोस्टाने आलेल्या पाठांचे वाचन विरार लोकलमध्ये, बहुधा उभ्यानेच. १९४४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९५९ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. २०१२ साली तिचे नाव बदलले, आता तिचे सभासद ‘सीएमए’ म्हणवतात. परीक्षा जून आणि डिसेंबरात. प्रत्येक विषयात किमान ४० गुण आणि गटात सरासरी ५० टक्के, अशी अट. नोकरदार विद्यार्थ्याचा दम काढते ती ही सरासरी. चाळिशी गाठूनही नापास झालेले कितीतरी सोबती मी पाहिले.

वित्तीय हिशेब गेलेल्या पैशांची नोंद ठेवतो. परिव्यय हिशेब त्यापुढे जाऊन विचारतो : ही एक वस्तू कितीला पडली? ती करावी की सोडावी? त्यात ‘गृहीत खर्च’ असे एक प्रकरण होते. इमारत स्वतःची असेल तर भाडे कोणालाच द्यावे लागत नाही. तरीही परिव्ययपत्रकात ते धरता येते, कारण तीच जागा दुसऱ्याला दिली असती तर भाडे आले असते. मालकाच्या श्रमांचेही तसेच. नफातोटा पत्रकाला मात्र हा खर्च ठाऊक नसतो.

१९९४ च्या सुमारास आमच्या वसईतील आळीत जमिनीची चौकशी करणारे दलाल फिरू लागले. एका संध्याकाळी वडिलांनी वाडीची वही माझ्यापुढे ठेवली. “एवढा हिशेब शिकतोस, तर सांग, वाडी परवडते का?”

केळी, भाजी आणि फुले यांची विक्री एका बाजूला. खत, पंपाची वीज, गडीमजुरी आणि गाडीभाडे दुसऱ्या बाजूला. वर्षाअखेर नऊ हजार शिल्लक दिसत होती. वडिलांचा चेहरा उजळला. मग मी आणखी एक ओळ लिहिली. आई पहाटे भाजी खुडून टोपली घेऊन मुंबईच्या बाजारी जाई. बाहेरच्या बाईला देत असू त्या चाळीस रुपये रोजाने तिचे तीनशे दिवस धरले, तर बारा हजार होत. शिल्लक गेली आणि तीन हजारांचा तोटा उभा राहिला. वडिलांची मजुरी तर मी धरलीच नव्हती.

“ते बारा हजार मला देणार कोण?” चुलीपाशी बसलेल्या आईने विचारले. वडील काही बोलले नाहीत.

दोन्ही आकडे बरोबर होते. यंदा वाडी लावावी का, या प्रश्नाला नऊ हजारांचा आकडा उत्तर देतो, कारण रोख हाती येणार असते. आई आयुष्यभर कितीला राबली, हे विचारायचे असेल तर दुसरा आकडा पाहावा लागतो. दलालाला अर्थातच तोटाच आवडला असता. त्याच्यापुढे वही उघडायची नाही, एवढे मी वडिलांना निक्षून सांगितले.

पावसाळा सरल्यावर त्यांनी फुलांची लागवड बंद केली आणि माल जागेवरच व्यापाऱ्याला देण्यास आरंभ केला. दर कमी मिळे. आईची टोपली माळ्यावर गेली. अंतिम परीक्षा मी १९९६ च्या डिसेंबरात उत्तीर्ण झालो. वाडी अजून आहे, पूर्वीच्या निम्मी.