आधी शीर, मग पिशवी

माझ्या वडिलांना मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम निघाला. बोन मॅरोत रक्त धड तयार होत नाही, असा हा आजार. हिमोग्लोबिन फार खाली गेलं की लाल पेशींची पिशवी, प्लेटलेट उतरल्या की प्लेटलेटची. त्या काळात जे पाहिलं ते सांगते. घरोघरी ही वेळ अचानक येते आणि तेव्हा काय विचारावं तेही सुचत नाही.

सुरुवातीला आमचा सगळा जीव पिशवी मिळण्यात अडकलेला असायचा. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय ब्लड बँक पिशवी देत नाही, एवढं माहीत होतं. त्यामुळे पिशवी हातात आली की आम्ही निर्धास्त.

मग एकदा असं झालं. दुपारी वॉर्डातले मामा पिशवी घेऊन आले आणि ट्रॉलीवर ठेवून गेले. बाबांची शीर सापडेना. सततच्या सुयांनी दोन्ही हात काळेनिळे पडले होते. एका सिस्टरांनी पाहिलं, मग दुसऱ्यांनी. शेवटी ठरलं, भूलतज्ज्ञ ऑपरेशन थिएटरमधून मोकळे झाले की येतील. मे महिना होता, वॉर्डात नुसते पंखे. बऱ्याच वेळाने कोणीतरी पिशवी उचलून वॉर्डातल्या फ्रीजमध्ये ठेवली. त्यात इन्सुलिन होतं आणि कोणाचा तरी दह्याचा डबा.

तेवढ्यात ड्युटी बदलली. नवीन आलेल्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्यांनी पिशवी बाहेर काढली, ब्लड बँकेच्या स्लिपवरची वेळ वाचली आणि म्हणाल्या, "ही लावायची नाही."

आम्ही हबकलो. दादाने त्या पिशवीसाठी सकाळपासून फोन केले होते. सिस्टरांनी नीट समजावलं. लाल पेशी ब्लड बँकेत २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथून निघालेली पिशवी अर्ध्या तासात सुरू करायची आणि चार तासांत संपवायची. पिशवी कोमट झाली तर चुकून राहिलेले जंतू वाढतात. वॉर्डातला फ्रीज सारखा उघडबंद होतो, त्याच्या तापमानाचा भरवसा नाही. फ्रीझरच्या जवळ ठेवली तर पेशी गोठून फुटतात. "पुढच्या वेळी आधी शीर, मग पिशवी मागवायची," त्या म्हणाल्या.

पिशवी फुकट गेली. पुन्हा चार्जेस, पुन्हा क्रॉसमॅच. राग खूप आला होता, पण काढायचा कोणावर ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ब्लड बँकेत गेले. तिथल्या टेक्निशियननी वेळ काढून सांगितलं. रोगांच्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, पण त्या रक्तदात्याच्या वेगळ्या नळीतल्या रक्तावर. बाकी दर्जा, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, प्लेटलेटची संख्या, प्लाझ्मातला फॅक्टर आठ, जंतू आहेत की नाहीत, हे नमुन्याच्या थोड्या पिशव्यांवर तपासतात. सगळ्याच पिशव्या उघडून तपासल्या तर रुग्णाला द्यायला काय उरणार? म्हणून आपल्या हातात आलेल्या पिशवीची शेवटची तपासणी डोळ्यांनी आणि घड्याळानेच करायची असते.

प्लेटलेटची पिशवी त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली आणि हलकेच फिरवली. पिवळसर द्रवात अगरबत्तीच्या धुरासारखी वलयं उठली. "हे दिसलं की प्लेटलेट ठणठणीत. वलयं उठली नाहीत तर मी ती देत नाही." आमच्याआधी एक गृहस्थ बर्फाचा डबा घेऊन आले होते. त्यांना त्यांनी डबा परत न्यायला लावला. प्लेटलेट बर्फात ठेवायच्या नसतात. त्या २० ते २४ अंशाला, सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवतात आणि पाच दिवसच टिकतात. लाल पेशी मात्र पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. पिशवी गार लागते म्हणून काही नातेवाईक ती गरम पाण्यात धरतात, तेही करू नये.

पुढे एकदा रक्त सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि बाबांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, अंग तापलं. सिस्टरांनी लगेच रक्त बंद केलं, सलाइन सुरू ठेवलं आणि बाबांचं नाव, गट, पिशवीचा नंबर पुन्हा ताडून पाहिला. उरलेली पिशवी, नळी आणि बाबांचं ताजं सॅम्पल ब्लड बँकेत गेलं. माझेच हात इतके थरथरत होते की मला बाहेर बसवलं. रिपोर्ट चांगला आला. गट बरोबर होता, जंतू नव्हते. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे ताप आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर त्यांनी पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्तच मागवलं आणि तसा त्रास पुन्हा झाला नाही. अशा रिअ‍ॅक्शनचा एक फॉर्म असतो. २०१२ पासून देशभर हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, तिथे ही माहिती जाते. तो फॉर्म भरला का, हे विचारायला हरकत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा. शीर लागल्याशिवाय पिशवी मागवू नका. पिशवी आली की सिस्टरांबरोबर लेबल मोठ्याने वाचा: नाव, गट, नंबर, मुदत. लेबलचा रंगही पाहा. ए गटाचं पिवळं, बी चं गुलाबी, ओ चं निळं, एबी चं पांढरं असतं. पिशवी गळते आहे, गुठळ्या आहेत, रंग काळपट झालाय, असं काही वाटलं तर लावण्याआधी विचारा. पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. थंडी, ताप, खाज, पाठदुखी, धाप, काहीही वाटलं तर ताबडतोब हाक मारा. आणि रिअ‍ॅक्शन आली तर रिकामी झालेली पिशवीसुद्धा कोणाला फेकू देऊ नका, तपासायला तीच लागते.